पायी संघ, सुट्टी आणि पिठाची मर्यादा



इ.स. १६०४ च्या चैत्रात प्रयागहून एक मोठा संघ सम्मेदशिखरजीला निघाला. संघपती होते हिरानंद मुकीम, शहजादा सलीमचे जवाहिरे. हाच सलीम पुढे जहांगीर बादशहा झाला. हिरानंदांनी गावोगावच्या श्रावकांना पत्रं पाठवली होती, त्यातलं एक जौनपूरला खरगसेन यांच्या पेढीवर आलं. खरगसेन श्रीमाळ, धंदा जवाहिराचाच. पत्र वाचलं आणि घर, पेढी मागे ठेवून ते संघात सामील झाले.

हे सगळं आपल्याला कळतं ते त्यांच्या मुलामुळे. मुलगा म्हणजे कविवर्य बनारसीदास. १६४१ साली आग्र्यात त्यांनी 'अर्धकथानक' लिहून पूर्ण केलं. माणसाचं आयुष्य ११० वर्षांचं धरलं तर ५५ व्या वर्षी अर्धं झालं, म्हणून ते नाव. स्वतःच्या धंद्यातली खोट, कर्ज, उधारी, सगळं त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला हे पुस्तक फार जवळचं वाटतं. पण आज मला त्यातल्या यात्रांबद्दल बोलायचं आहे. कामधंदा बाजूला ठेवून लांब चालत जायचं ठरलं की कशाकशाची तयारी लागते, आणि ती तयारी कोण करतं, एवढाच विषय.

खरगसेनांची ही पहिली लांबची यात्रा नव्हती. बनारसीदास जन्मण्याच्या आधी ते पत्नीला घेऊन रोहतकच्या सतीच्या जत्रेला गेले होते, मूल व्हावं म्हणून. वाटेत चोरांनी लुटलं. नवराबायको अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. तेव्हा संघ करून का जायचं, याचं पहिलं उत्तर भक्ती नव्हे. चोर हे ते उत्तर. शंभर-दोनशे माणसं, गाड्या, सोबत राखणदार, आणि पुढे बादशाही दरबारात वजन असलेला संघपती, असं असलं तरच माणूस जिवंत परत येईल याची थोडीफार खात्री. ज्यांच्या घराण्यात कोणी असा संघ काढला ते संघवी, सिंघवी, आपल्याकडचे संगई. आडनावात मिरवण्याइतकं ते काम मोठं होतं, कारण संघाचा खर्च संघपतीचा आणि जोखीमही त्याचीच.

हिरानंदांचा संघ दरबारी वजनाने गेला, पण परतीला काय झालं? अनेक जण आजारी पडले, कित्येक दगावले. खरगसेन पाटण्यात आजारी पडले आणि कसेबसे जौनपूरला घरी पोचले. आजार कशाने आला हे मी सांगू शकणार नाही, पण निघायचा महिना पाहिला की घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईच्या मनात पहिला विचार पाण्याचाच येईल. चैत्रात निघायचं म्हणजे वैशाख-ज्येष्ठाचं ऊन डोक्यावर, विहिरी तळाला गेलेल्या, आणि परतीला पावसाळ्याचं गढूळ पाणी. आपल्या मुनींचा तर चातुर्मासात विहारच नसतो. तो नियम जीवदयेसाठी आहे हे खरं, पण त्याने चालणाऱ्याचंही पोट सांभाळलं जातं.

वडील यात्रेला गेले आणि इकडे अठरा वर्षांच्या बनारसीदासांच्या मनाने घेतलं की आपणही बनारसला पार्श्वनाथांच्या दर्शनाला जायचं. जाऊ कोण देणार! मग त्यांनी नियम घेतला, दर्शन होईपर्यंत दूध, दही, तूप, तेल, तांदूळ, हरभरे, विडा, फुलं, सगळं बंद. सहा-सात महिने हे चाललं. कार्तिकी पौर्णिमेला गावातले लोक गंगास्नानाला निघाले, जैन मंडळी पार्श्वनाथांच्या पूजेला निघाली, तेव्हा हे कोणाला न विचारता त्यांच्याबरोबर चालू लागले. या हट्टी मुलाला सहा महिने दूध-तुपाशिवाय, तेलाशिवाय, भाताशिवाय रोज जेवायला काय घालायचं, हा प्रश्न त्या माउलीने कसा सोडवला असेल? नवरा दूर देशी, पेढी नोकरांच्या हाती, मुलाचा नियम. कवींनी त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. त्यागलेल्या वस्तूंची यादी मात्र व्यवस्थित दिली आहे.

तिला यात्रा घडली ती खूप उशिरा, इ.स. १६१८ च्या सुमारास. तोवर खरगसेन वारले होते. वर्धमान कुंवरजी नावाच्या दलालांनी अहिच्छत्र आणि हस्तिनापूरचा संघ काढला, त्यात बनारसीदास आई आणि पत्नीला रथात बसवून गेले. नवरा शिखरजीला गेल्यावर चौदा वर्षांनी, विधवा झाल्यावर, मुलाच्या सोबतीने. एकदा रोहतकला जाऊन लुटून आली होती.

आता मी तुम्हाला आपल्या भागात आणते, कारण शिखरजीचा दुसरा एक संघ आपल्याच मातीतून निघाला होता आणि त्याच्या गोष्टी माझ्या सासरच्या घरात मी ऐकलेल्या आहेत.

आचार्य शांतिसागर महाराज भोजचे, गृहस्थपणीचे सातगोंडा पाटील. जन्म १८७२ चा. १९२४ साली समडोळीला त्यांना आचार्यपद मिळालं. मुनी होण्याआधी गृहस्थ असताना ते शिखरजीला जाऊन आले होते. तिथे डोंगर चढवेना अशा एका म्हातारीला त्यांनी पाठीवर घेऊन वर नेलं, असं त्यांच्या चरित्रात येतं, आणि तिथून परतताना तूप-तेलाचा त्याग केला. मग १९२७ साली चातुर्मास संपल्यावर कुंभोजच्या बाहुबलीहून ते चतुर्विध संघासह शिखरजीला निघाले. संघपती मुंबईचे पूनमचंद घासीलाल जवेरी. म्हणजे पाहा, ३२३ वर्षांनी शिखरजीच्या वाटेवर पुन्हा एक जवाहिरा संघपती!

या संघाचा महिना मात्र बरोबर होता. कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर निघाले आणि नागपूरवरून पुढे जात फाल्गुनात शिखरजीला पोचले. आजच्या रस्त्याने कोल्हापूर भागातून पारसनाथचा डोंगर सुमारे २,००० किलोमीटर आहे. हातात साडेतीन महिने. भागाकार केला तर रोजचे वीस किलोमीटर येतात. वीस म्हणजे काय फार, असं फिरायला जाणाऱ्या तरुण मुली म्हणतील. पण मुनी सूर्य उगवल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. चार हात पुढची जमीन बघत, जीव वाचवत चालायचं. मध्ये आहार, दुपारची सामायिक, आणि हिवाळ्यात दिवस मावळायची घाई. हे सगळं वजा केलं तर चालायला सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा तास उरतात. म्हणजे एक दिवसही वाया घालवायची सोय नव्हती. एखाद्या गावात लोकांनी आग्रहाने दोन दिवस ठेवून घेतलं की ते चाळीस किलोमीटर पुढे कुठेतरी भरून काढायचे.

मोसमाचा दुसरा फायदा शेतकऱ्यांचा. आपल्याकडचे चतुर्थ, पंचम बहुतेक शेतकरीच. दिवाळीनंतर भुईमूग निघालेला असतो, शाळू पेरून उगवलेला असतो, आणि शाळवाच्या काढणीला माघ-फाल्गुन उजाडतो. शेतकऱ्याला सुट्टी म्हणून काही मिळत असेल तर ती याच दिवसांत. पण ती फाल्गुनापर्यंत पुरत नाही. त्यामुळे शेतकरी घरची माणसं चार मुक्काम, आठ मुक्काम चालून परत फिरायची. शेवटपर्यंत जाणार कोण, तर ज्याची पेढी मुनीम सांभाळतो तो, किंवा ज्याने घरच सोडलंय तो. किती दिवस चालायचं हे पायांत बळ किती यावर कधीच ठरलेलं नाही. मागे काम कोण बघतं, यावर ते ठरतं.

माझ्या आजेसासूबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पदरात दीड वर्षाचा मुलगा. त्यांना घरातून पहिल्या तीन मुक्कामांची परवानगी मिळाली होती, चौथ्या दिवशी दीर गाडी घेऊन परत न्यायला येणार असं ठरवूनच. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या आणि रोज दुपारी धान्य निवडताना त्या तीन दिवसांच्या गोष्टी सांगायच्या. मी एकदा विचारलं, "आजी, रोज किती चालत होता?" तर म्हणाल्या, "चालतंय कोण बाई! म्या जातं वडत हुते."

चौका म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण चालत्या संघातला चौका कसा असेल याचा विचार करून पाहा. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेणार. त्यासाठी दळलेल्या पिठाला मर्यादा आहे, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. बाजारातलं पीठ चालत नाही. म्हणजे दर आठवड्याला दळण आलं, आणि १९२७ साली दळण म्हणजे जातं. पाणी विहिरीचं, दुहेरी फडक्याने गाळलेलं, आणि गाळून उरलेली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. नुसतं गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, उकळलं की दिवसभर. त्यात महाराजांनी कुठला विधी मनात धरलाय कोणाला ठाऊक नाही, म्हणून एक चौका लावून भागत नाही, अनेक लावावे लागतात. ज्यांच्याकडे पडगाहन झालं नाही त्यांची सगळी तयारी आपापल्या घरच्यांच्या जेवणाला. आणि घासात केस निघाला तर अंतराय, त्या दिवशीचा आहार तिथेच थांबला.

तर आजेसासूबाई पहाटे गाडीतून पुढे जायच्या, म्हणजे संघ पोचेपर्यंत चुली पेटून पाणी तयार असावं. जातं गाडीत बांधलेलं. सकाळचा आहार झाला की भांडी, आवराआवर, पुढच्या मुक्कामाला गाडी. तीन दिवसांत त्या स्वतःच्या पायांनी चालल्या ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, एका ओढ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत. "लई तर कोसभर" असं त्या म्हणायच्या. तो कोसभर मात्र त्यांना पन्नास वर्षांनीही जसाच्या तसा आठवत होता. पुढे महाराजांची पिंछी दिसत होती, पायाखाली फुफाटा गार होता आणि मूल जावेकडे होतं.

संघाचे हिशेब लिहिले जातात. संघपतीने इतके खर्च केले, इतक्या गाड्या, इतकी माणसं. जमा-नावे बरोबर जुळतं. पण ज्या कामाला मजुरी नाही ते ताळेबंदात दिसत नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, फक्त तिथे उदाहरण वेगळं होतं. १९२७ च्या संघाच्या वह्यांत तेल-तुपाचा, गाड्यांचा खर्च असेल. जातं कोणी ओढलं हे नसणार. आणि आपण मात्र म्हणत राहतो की बायकांना पूर्वी यात्रेच्या निमित्ताने घरातून सुटका मिळायची. मिळायची, पण चूल बरोबर घेऊन.

पैशाचा विषय निघालाच आहे तर त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगते, आपल्या श्वेतांबर बहिणींच्या पालीताण्याची. शत्रुंजयावर जाणाऱ्या यात्रेकरूंच्या रखवालीपोटी पालीताणा संस्थानाला वर्षाला ठराविक रक्कम द्यायची, असा जुना करार होता. १८२१ मध्ये ती रक्कम ४,५०० रुपये होती, १८६३ मध्ये १०,००० झाली, १८८६ मध्ये १५,०००, तीही चाळीस वर्षांसाठी. १९२६ मध्ये मुदत संपली आणि दरबारला माणशी कर हवा होता. एकगठ्ठा रक्कम आणि माणशी कर यात फरक काय, असं वाटेल. पण माणशी कर म्हणजे नाक्यावर प्रत्येकाची मोजणी, नोंद, अडवणूक. आणंदजी कल्याणजी पेढीच्या पुढाकाराने समाजाने ठरवलं की यात्रेलाच जायचं नाही. १ एप्रिल १९२६ पासून दोन वर्षांहून जास्त काळ शत्रुंजयाची यात्रा बंद राहिली. शेवटी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने वर्षाला ६०,००० रुपये, ३५ वर्षांसाठी, असं ठरलं आणि १ जून १९२८ पासून यात्रा सुरू झाली. म्हणजे आपला संघ शिखरजीच्या वाटेवर होता तेव्हा तिकडे हजारो लोक ठरवून घरी बसले होते. ज्या बायकांनी नव्वाणू यात्रेचा संकल्प सोडला असेल त्यांनी ती दोन वर्षं कशी काढली असतील, आणि डोलीवाल्यांच्या घरी चूल कशी पेटली असेल, असं मला राहून राहून वाटतं. रक्कम १५,००० वरून ६०,००० झाली, म्हणजे चौपट. हा विजय म्हणायचा की तडजोड, यावर आमच्या ओळखीच्या दोन श्वेतांबर मैत्रिणींचं आजही एकमत नाही. माझ्या मते तडजोड, पण शहाणी. यात्रेकरूची मोजणी टळली हे महत्त्वाचं.

त्यांच्यातल्याच एकीकडून मला छ'री पालित संघाचे नियम नीट समजले. सहा नियम, प्रत्येकाच्या शेवटी 'री': एकाहारी, भूमिसंथारी, पादचारी, सचित्तपरिहारी, ब्रह्मचारी आणि सम्यक्त्वधारी. धर्माच्या अंगाने आपण ते ऐकतो. मला ते ऐकताना नियोजनच दिसलं. एकदाच जेवायचं, म्हणजे चूल एकदाच. जमिनीवर झोपायचं, म्हणजे बिछान्यांची गाडी नको. पायीच जायचं, म्हणजे जनावरांच्या दाणापाण्याची चिंता कमी. ज्याने कोणी हे बांधलं त्याला मोठ्या लवाजम्याचा त्रास ठाऊक असणार!

हे सगळं मी गेले दोन महिने का वाचत बसले आहे ते आता सांगते. माझी धाकटी सून एक नोकरी सोडून दुसरी धरते आहे. मध्ये पंचेचाळीस दिवस मोकळे आहेत, कार्तिक-मार्गशीर्षातले. तिने ठरवलंय की सांगलीहून कुंथलगिरीला चालत जायचं. कुंथलगिरी म्हणजे देशभूषण-कुलभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र, आणि १९५५ मध्ये शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली ती जागा. अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. सोबत तिची मावसबहीण.

घरात पहिला प्रश्न आला तो आमच्या ह्यांचा. "पंधरा दिवस? आणि घर कोण बघणार?" मी शांतपणे विचारलं, "आत्ता ती नोकरीला जाते तेव्हा कोण बघतं?" त्यावर ते वर्तमानपत्रात शिरले. नोकरीसाठी बाई दहा तास घराबाहेर राहिली तर चालतं, पगार येतो. स्वतःच्या मनाने पंधरा दिवस चालायला निघाली की घर उघड्यावर पडतं. यात ह्यांचा एकट्याचा दोष नाही. मुलाच्या शाळेची, डब्याची यादी करायला बसले तेव्हा माझ्याही मनात आलंच की पुढच्या वर्षी जाऊ दे, पोरगा जरा मोठा होऊ दे. पण पुढच्या वर्षी पंचेचाळीस दिवस कुठून आणणार? आजेसासूबाईंचं पुढचं वर्ष कधी आलं नाही. त्या शिखरजीला गेल्या त्या नंतर कितीतरी वर्षांनी, आगगाडीने, पारसनाथ स्टेशनवर उतरून. डोंगराची २७ किलोमीटरची वंदनासुद्धा डोलीतूनच झाली, कारण तोवर गुडघे गेले होते.

दुसरा प्रस्ताव मोठ्या दिरांकडून आला. मोठ्या मनाने म्हणाले, एक गाडी पाठवू, आचारी पाठवू, दोघी-चौघी नातेवाईक बायका पण येतील, चौका लावू, छान संघच काढू. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको. ती मुनी नाही, आणि तिच्यामागे चार बायकांनी पहाटे उठून चुली पेटवाव्यात असं तिलाही वाटत नाही. चार बायका येणार असतील तर त्यांनीही चालावं. मग मोठ्या जाऊबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मी पंढरपूरपासून पुढे येईन. चालतच." त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडून कोणालाच ही अपेक्षा नव्हती.

अनवाणी जायचं की नाही यावर सुनेचं आणि माझं वाजलं. तिला अनवाणी जायचं आहे. माझं स्पष्ट मत, जुन्या वाटा मातीच्या होत्या, आताचा रस्ता डांबराचा, त्यावर काचा, खिळे आणि दुपारचा चटका. मार्गशीर्षातसुद्धा बाराला डांबर तापतं. शेवटी ठरलं की सकाळी दहापर्यंत अनवाणी, नंतर कापडी बूट. चामड्याचा प्रश्नच नाही. एकाशन ती करणार आहे, पाणी उकळलेलं, सूर्यास्तानंतर काही नाही. झोपायला वाटेतल्या गावांतली मंदिरं, नातेवाइकांची घरं. महाराष्ट्राच्या या पट्ट्यात दर दोन-तीन गावांत आपलं एखादं घर आहेच. दोघींनी मिळून फोन करून अकरा मुक्काम पक्के केलेत, चार अजून शोधायचे आहेत.

आणि पीठ. ती म्हणते, वाटेत मिळेल ते खाऊ. पण निदान पिठाची मर्यादा पाळायची हे तिचं तिनेच ठरवलं आहे, मी एक शब्द बोलले नाही. मग आम्ही सासूसुना ओट्यापाशी बसलो. दोघींना एका वेळच्या भाकरी-पोळीला मिळून रोज तीनशे ग्रॅम, सात दिवसांचं दोन किलो शंभर. हे पाठीवर नेता येतं. सांगली ते पंढरपूर साधारण १३० किलोमीटर, रोज अठराने गेलं तर सात दिवस आणि वर थोडं. म्हणजे निघायच्या आदल्या संध्याकाळी दळलेलं पीठ पंढरपूरच्या वेशीवर संपायला हवं. तिथून बार्शीवरून कुंथलगिरी पुन्हा तेवढंच, पुन्हा सात दिवस. म्हणजे अख्ख्या वाटेत दळण दोनदाच. दुसरं दळण पंढरपूरला माझ्या नणंदबाईंकडे. त्यांच्याकडे घरगुती चक्की आहे. त्यांना मी फोन केला तर म्हणाल्या, "किती जणींचं दळू? मोठ्या वहिनींचं धरून की सोडून?"

धरून, म्हटलं. तीन किलो दीडशे.